पावतीवर लॉट नंबर नाही, मग टोमॅटोच्या रोपाला जबाबदार कोण?

काल चहाच्या टपरीवर एकाने मला येड्यात काढलं. "नाना, पन्नाशी उलटली तरी ट्रेमध्ये बी टोचत बसता? रोपवाटिकेला फोन करा, गाडी बांधावर येते." चारचौघं हसले. तिथं बोललो नाही, इथं बोलतो.

तीन वर्षांपूर्वी मीही फोनच केला होता. वीस गुंठ्याला रोप मागवलं. बेड, मल्चिंग, ड्रीप सगळं तयार, म्हणून आलं ते उतरवून घेतलं. रोप वीतभर वाढलेलं, मुळ्या तपकिरी, कपात त्यांचा गुंडा झालेला. तेव्हाच माघारी पाठवायला पाहिजे होतं. महिन्याच्या आत शेंडे आखडले, पानं वाटीसारखी वर वळली. लीफ कर्ल, आपला बोकड्या. अर्धा प्लॉट उपटून जाळला.

तक्रारीला गेलो तर पहिला प्रश्न, बियाण्याचा लॉट नंबर काय? पावती पुढं केली. तिच्यावर "टोमॅटो रोप, 3000 नग" एवढंच. पेरणीची तारीख नाही, लॉट नाही. दुकानदार म्हणाला रोपवाटिकेला विचारा. रोपवाटिकावाला म्हणाला हवामान खराब होतं. आता हवामानावर केस कुठं करायची?

रोग रोपातूनच आला असं मी छातीठोक सांगत नाही. पांढरी माशी माझ्याही रानात होती. माझं भांडण तेच आहे, की सांगताच येत नाही. विषाणू रोपात शिरला तरी लक्षण दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर रोप तुमच्या रानात आलेलं असतं.

2020 चा मे महिना आठवा. संगमनेर-अकोल्यापासून नाशिक, पुणे, साताऱ्यापर्यंत टोमॅटोची फळं पिवळी-पट्टेरी निघाली. लोक 'तिरंगा' म्हणू लागले. कुणी बियाण्याला शिव्या घातल्या, कुणी रोपवाल्याला. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत मुख्यतः कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला, सोबत दुसरेही. हा विषाणू मावा पसरवतो. पण माव्याने रोपाला कुठं गाठलं, ट्रेमध्ये की रानात, हे विकत रोप घेतलेला शेतकरी कसा सांगणार?

म्हणून माझं म्हणणं, एकराच्या आत टोमॅटो लावणाऱ्याने रोप घरीच करावं. दहा ग्रॅमच्या पुडीत साधारण तीन हजार बी बसतं. पाच फुटी बेड, दीड फुटावर रोप धरलं तर वीस गुंठ्याला 2900 रोपं लागतात. 98 कपांचे 32 ट्रे झाले. एवढं अंगणाच्या कोपऱ्यात मावतं.

पण घरचं म्हणून आपोआप निरोगी होत नाही, हेही ऐका. माझी पहिली खेप कोलमडली. दिवसातून तीनदा पाणी मारलं, रोपं मानेत कुजून आडवी झाली. आता कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब गळणार नाही एवढंच ओलं ठेवतो, ट्रायकोडर्मा मिसळतो. बी अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकायचे, अंकुर वर दिसू लागला की त्याच दिवशी मांडायचे. एक दिवस उशीर झाला की रोप लांबुळकं होतं, मग काही उपयोग नाही. वरून 40-50 मेशची नेट, चारी बाजूंनी मातीत दाबलेली. साधी शेडनेट पांढऱ्या माशीला अडवत नाही. जुना टोमॅटो, मिरची, भेंडी जवळ नको. पाणी सकाळी, शेवटचे चार-पाच दिवस कमी. 25 ते 30 दिवसांत लावणी.

आणि तंबाखू! मळलेल्या हाताने ट्रेला शिवायचं नाही. तंबाखूचा मोझॅक विषाणू हातानेच टोमॅटोवर जातो. आमच्या घरी ट्रेचं खातं कारभारणीकडे आहे. साबणाने हात धुतल्याशिवाय ती मलाही नेटमध्ये घेत नाही.

"फळातलं बी धरलं तर?" असंही एकाने विचारलं. संकरित असेल तर धरू नका, पुढच्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत. धनश्री, भाग्यश्री हे आपल्या राहुरी विद्यापीठाचे सुधारित वाण, त्यांचं धरता येतं.

रोपवाटिकावाले चिडतील. चिडा. चांगल्याही आहेत, मोठ्या शेतकऱ्याला त्यांच्याशिवाय गत नाही. मग पावतीवर वाण, लॉट नंबर आणि पेरणीची तारीख लिहून द्यायला काय जातं? बियाण्याच्या पुडीवर लॉट नंबर छापलेला असतोच, तो पावतीवर उतरवायला पेनाची शाई लागते फक्त. जो लिहून देत नाही त्याची गाडी बांधावरूनच परत लावा. कृषी खात्यातली मंडळीही हे पान वाचतात. शिबिरात एकदा हाच विषय घ्या, औषधांची यादी पुढच्या वेळी सांगा.

आमचे 32 ट्रे काल रचलेत. पुडी जपून ठेवली आहे, लॉट नंबर वहीत टिपलाय. किती उगवलं ते आठवड्याभरात फोटोसह टाकतो, कमी उगवलं तरी टाकतो.