घरांतलें शास्त्र : बादलीभर ऊन पाणी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं विजेचें बिल आलें आणि त्याच्या पाठोपाठ वादहि आला. अकरा माणसांच्या घरांत तो कांहीं नवा नाहीं. थंडीच्या दिवसांत बिलाचा आंकडा फुगतो, वडील बंधु चष्मा सारखा करून तो दोनदां वाचतात, आणि मग अपराधी कोण याचा शोध सुरू होतो. या खेपेस निवाडा झटपट लागला. माडीवरच्या खोलींत रात्रीं बारापर्यंत दिवा जळत असतो, अशी साक्ष आत्याबाईंनीं दिली. आणि उद्यांपासून मुलांचे दिवे नऊच्या ठोक्याला मालवलेच पाहिजेत, असें फर्मान बंधूंनीं काढलें. माडीवरचा दिवा म्हणजे आमच्या आठवींतल्या पुतणीचा. तिची परीक्षा तोंडावर आलेली. आणि भरल्या घरांत दिवसां कितपत वाचन होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

त्या वेळीं ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र बिलाचा कागद घेऊन आमच्यापुढें उभी राहिली आणि म्हणाली, "काका, युनिट युनिट म्हणतात, तें नक्की काय मोजतात हो?"

वास्तविक हा प्रश्न घरांतील कर्त्या माणसांस पडावयास हवा होता. आपण दूध मापून घेतों, डाळ तोलून घेतों. परंतु दरमहा ज्या वस्तूचे इतके पैसे मोजतों तिचें माप कोणतें, याची चौकशी करीत नाहीं. आम्हीं तिलाच उलट विचारलें, "ऊर्जा म्हणजे काय तें शाळेंत शिकविलें असेल ना?" तिनें तत्काळ उत्तर दिलें, "कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा." उत्तर बिनचूक होतें. "मग तुझ्या दिव्यानें काल रात्रीं किती कार्य केलें?" यावर ती गप्प झाली. व्याख्या पाठ होती, पण ती घेऊन घरांत दोन पावलें टाकतां येत नव्हतीं. हा दोष तिचा नव्हे. आम्हीहि तिच्या वयांत ती व्याख्या अशीच घोकली होती.

तेव्हां आम्हीं तिला दिवाणखान्यांतील झोपाळ्यावर बसविलें आणि मागें खेंचून अर्धा मीटर वर नेलें. टोंकाला झोपाळा क्षणभर थांबतो. तेथें गति नाहीं, पण उंची आहे. मधोमध उंची राहत नाहीं, पण वेग सर्वांत अधिक. उंचीचा वेग होतो, वेगाची पुन्हा उंची होते, आणि हा व्यवहार बराच वेळ चालतो. मात्र कोणी झोंका दिला नाहीं तर झोपाळा हळूहळू मंदावतो आणि थांबतो. "मग ती ऊर्जा गेली कोठें?" तिनें विचारलें. 'घर्षणामुळें नाहींशी झाली' असें सांगून येथेंच पुष्कळ जण पान उलटतात. पण ती नाहींशी होत नाहीं. कड्या एकमेकींवर घासतात, हवा ढवळली जाते, आणि त्या ऊर्जेची शेवटीं उष्णता होते. कड्यांना हात लावून पाहिला तर कांहींच कळत नाहीं, याचें कारण ही उष्णता अतिशय थोडी असते. चाळीस किलो वजनाच्या मुलीचा हा सगळा झोंका पेलाभर पाण्यांत ओतला, तरी तें पाणी पाव अंशानेंदेखील तापावयाचें नाहीं.

ही 'थोडी' म्हणजे किती, तें मोजण्यांत एका माणसानें आपल्या उमेदीचीं वर्षें घालविलीं. त्याचें नांव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. इंग्लंडांत मँचेस्टरजवळ सॅलफर्ड येथें १८१८ सालीं तो जन्मला. घरचा धंदा बिअर तयार करण्याचा, आणि विद्यापीठाची पदवी नाहीं. त्यानें एका बंद भांड्यांत पाणी भरलें, त्यांत पात्यांची फिरकी बसविली, आणि दोरीला टांगलेलीं वजनें खालीं सोडून ती फिरकी फिरविली. वजनें खालीं येत तसें पाणी घुसळलें जाई आणि अगदीं किंचित् तापे. वजनें पुन्हा वर घ्यावयाचीं, पुन्हा सोडावयाचीं, आणि तापमापकावरचा अंशाचा बारीकसा भाग वाचावयाचा! १८५० सालीं त्यानें आपला हिशेब प्रसिद्ध केला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनें तापविण्यास जी ऊर्जा लागते, ती तेवढेंच वजन ७७२ फूट खालीं येण्यानें मिळते. आजच्या सूक्ष्म मोजणीचा आंकडा त्याहून फारसा निराळा नाहीं. ऊर्जेच्या मापास पुढें ज्यूलचेंच नांव मिळालें. शंभर ग्रॅमचा लहानसा पेरू जमिनीवरून एक मीटर उचलला कीं सुमारे एक ज्यूल खर्ची पडतो. आणि बिलावरचें एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल.

हें ऐकून आमच्या पुतणीनें पाटी-पेन्सिलच मागितली. (पाटी घरांत कोठून असणार! बिलाच्याच मागल्या बाजूस तिनें गणित मांडलें.) सेल्सिअसच्या एका अंशासाठीं पाणी ४२७ मीटर उचलावें इतकी ऊर्जा लागते. हिंवाळ्यांत नळाचें पाणी १८ अंशांवर धरलें आणि अंगावर घेण्याजोगें होण्यास ४३ अंश धरले, तर २५ अंशांची वाढ झाली. गुणाकार केला तो १०,६०० मीटरांच्या वर गेला. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. म्हणजे आंघोळीची एक बादली ऊन करण्यास जी ऊर्जा लागते, तींत तीच बादली एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आणखी पावणेदोन किलोमीटर आकाशांत चढेल! तिचा विश्वास बसेना. तिनें पुन्हा गुणाकार केला. मग वीस लिटरांची बादली धरून युनिटें काढलीं, तीं बादलीस ०.५८ भरलीं. अकरा माणसें, तीस दिवस : १९१ युनिटें.

आतां दिव्याचें पाहूं. तिचा दिवा ९ वॅटचा. वॅट आणि युनिट यांत मुलांचा, आणि थोरांचाहि, नेहमी घोटाळा होतो. चालण्याचा वेग आणि चाललेलें अंतर यांत जो फरक, तोच येथें आहे. वॅट हा खर्चाचा वेग झाला. युनिट हा झालेला खर्च. हजार वॅट तासभर चालले कीं एक युनिट होतें. नऊ वॅटचा दिवा रात्रीं नऊपासून बारापर्यंत, महिनाभर रोज, जळला तर ०.८१ युनिट होतें. दीड बादली पाण्याहूनहि कमी.

आत्याबाई शेजारीं वाती वळीत बसल्या होत्या. त्यांना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे, पण आमच्या वेळीं दिव्यानेंच बिल वाढे." आणि त्यांचेंहि खरेंच होतें. त्या काळचा साठ वॅटचा काचेचा गोळा तेवढ्याच वेळांत महिन्याला साडेपांच युनिटांच्या घरांत जाई, आणि त्यांतला फार मोठा भाग उजेड न होतां उष्णताच होई. शिवाय पाणी तापे तें परसांतल्या तांब्याच्या बंबांत. बिलांत दिव्यांखेरीज दुसरें विशेष कांहीं नसे. त्यांचा नियम त्यांच्या दिव्याला बरोबर लागू होता.

"आणि ही वीज तरी येते कशानें?" हा पुढचा प्रश्न त्यांचाच. १८३१ सालीं फॅरडेनें लंडनांत दाखविलें कीं, तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक आंत-बाहेर केला म्हणजे तारेंत वीज वाहूं लागते. चुंबक स्थिर धरला तर कांहीं होत नाहीं. अर्थात् वीज हवी तर कांहींतरी हलतें ठेविलें पाहिजे. आपल्याकडे खोपोलीस १९१५ सालीं टाटांनीं हें काम पाण्याकडून करविलें. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांचें पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खालीं आणून त्यावर चक्रें फिरविलीं, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली. याच हिशेबानें, वाटेंत कांहींहि वायां गेलें नाहीं असें धरलें तरी, आमच्या एका बादलीसाठीं घाटावरून एकवीस बादल्या पाणी खालीं पडावें लागेल.

महाराष्ट्राची बरीचशी वीज मात्र कोळशाची आहे. चंद्रपूर, कोराडी येथें कोळसा जाळून पाण्याची वाफ करितात, वाफेनें चक्र फिरवितात, चक्रानें वीज होते. कोळशाच्या उष्णतेचे तीन वांटे केले तर त्यांतला सुमारे एकच वांटा विजेच्या रूपानें हातीं लागतो. आत्याबाईंच्या हातांतली वात तशीच राहिली. "म्हणजे तिकडे विस्तव करावयाचा, त्याची वीज करावयाची, आणि इकडे विजेचा पुन्हा विस्तव करावयाचा? मग आमचा बंब काय वाईट होता?" आम्ही म्हणालों कीं, बंबाच्या धुरानें तुमचे डोळे चुरचुरत. त्या म्हणाल्या, "आतां चंद्रपुरांतल्या बायकांचे चुरचुरत असतील." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनहि सुचलेलें नाहीं.

रविवारीं संध्याकाळीं पुतणीनें सर्वांस मीटरपाशीं बोलाविलें. हल्लींच्या मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटास तो किती वेळां लुकलुकतो तें तेथेंच छापलेलें असतें. आमच्या मीटरवर ३,२०० आहे. फ्रीजसुद्धां सर्व कांहीं बंद करून तिनें दोन हजार वॅटचा गीझर तेवढा लाविला. आत्याबाईंनीं जपाची माळ हातीं घेतली आणि लुकलुकीमागें एक मणि ओढूं लागल्या. मिनिटाभरांत माळ संपून मेरुमणि हातीं आला. मग गीझर बंद करून माडीवरचा दिवा एकटा लाविला. गणिताप्रमाणें दहा मिनिटांत पांच वेळां लुकलुकावयास हवें होतें. प्रत्यक्षांत चौदा भरलीं.

बंधु हंसले. "कागदावरचें गणित आणि घरांतलें गणित यांत असा फरक असतो, बाळ." आम्हांसहि क्षणभर वाटलें कीं कोठें तरी चुकलें. पण ती म्हणाली, "मीटर चुकत नसेल आणि गुणाकारहि चुकत नसेल, तर घरांत आणखी कांहींतरी चालूं आहे." आणि हातांत विजेरी घेऊन ती खोली-खोली हिंडूं लागली. माजघरांत कांहीं नव्हतें, स्वयंपाकघरांत नव्हतें. शेवटीं दिवाणखान्यांत टीव्हीखालची काळी सेट-टॉप पेटी तिला सांपडली. टीव्ही बंद होता, पण पेटीवर हिरवा ठिपका होता आणि वरून हात लावला तर ती चांगली ऊन लागत होती. तिचा खटका खालीं केला, पुन्हा दहा मिनिटें मोजलीं. या वेळीं बरोबर पांच.

बिलाच्या मागल्या बाजूस थोडी जागा उरली होती. तेथें तिनें उभ्याउभ्याच लिहिलें : पेटी, अठरा वॅट, रात्रंदिवस, महिन्याला तेरा युनिटें, दिव्याच्या सोळापट. घरांत रात्रीच्या बातम्या कोण पाहतें, हें तिनें लिहिलें नाहीं. तिनें कागद बंधूंच्या हातीं दिला. त्यांनीं चष्मा सारखा करून तो दोनदां वाचला, घडी करून खिशांत ठेविला, आणि म्हणाले, "माडीवरचा दिवा कां बंद आहे? परीक्षा जवळ आली ना तुझी?"