स्वाध्याय आणि प्रवचन

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी थर अंथरला गेला आणि त्या पराक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली. वऱ्हाडाला त्याचा सार्थ अभिमान वाटला. याच रस्त्याने अकोला जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे काही शिक्षक सुटीच्या दिवशी अमरावती गाठतात. पिशवीत नववीच्या उत्तरपत्रिका असतात आणि मार्गदर्शकांना दाखवावयाचे प्रबंधाचे प्रकरणही. १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ हे पश्चिम विदर्भातील पाचही जिल्ह्यांचे उच्च शिक्षणाचे केंद्र आहे. रस्ता पाच दिवसांत होऊ शकतो. नोकरी सांभाळून केलेल्या अध्ययनाचा प्रवास मात्र वर्षानुवर्षांचा असतो.

सोमवारी हाच शिक्षक वर्गात उभा राहतो, तेव्हा समोरची निम्मी मुले शरीरानेच उपस्थित असतात. रात्री उशिरापर्यंत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खिळलेले डोळे सकाळी फळ्याकडे वळत नाहीत. २०२४ च्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी करणारी मुले सुमारे ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी करणारी ७६ टक्के. म्हणजे यंत्र घरात पोहोचले आहे. त्याच्याकडून काय करून घ्यावे, हे सांगणारा माणूस पोहोचावयाचा आहे.

यावर उपाय म्हणून अनेक शाळांनी वर्गात प्रक्षेपक बसविले. पहिले काही दिवस मुले कुतूहलाने पाहतात. पुढे पडद्यावरचा धडाही त्यांना फळ्यावरच्या धड्याइतकाच परका वाटू लागतो. यात नवल नाही. आधी मुले निमूट ऐकत होती, आता निमूट पाहतात. त्यांना स्वतःला काही करावयाचे असते, ते राहूनच जाते.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. आयते उत्तर उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपण रागावतो. परंतु पदोन्नतीवर डोळा ठेवून इकडचे तिकडचे उतारे जोडून प्रबंध सिद्ध करण्याची वृत्ती काय वेगळी आहे? ती इतकी फोफावली की, २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला वाङ्मयचौर्याविरुद्ध स्वतंत्र नियम करावे लागले. आता तर मागितल्याबरोबर निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता गुरू आणि शिष्य दोघांच्याही हाती आहे. मुले शिक्षकाचे व्याख्यान विसरतील, त्याचा अभ्यासातील प्रामाणिकपणा किंवा अप्रामाणिकपणा मात्र अचूक टिपतील.

आपल्या परंपरेने याचे उत्तर कधीच दिले आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत सत्य, तप, अतिथिसेवा अशा प्रत्येक कर्तव्याबरोबर स्वाध्याय आणि प्रवचन या जोडीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. शिकणे आणि शिकविणे यांची तेथे ताटातूट नाही. अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते गाडगेबाबा शाळेत शिकलेले नव्हते. पण कीर्तनात ते समोरच्यांना साधे प्रश्न विचारीत, उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत आणि हजारोंचा समुदाय जागा ठेवीत. कंटाळलेल्या वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला यापेक्षा मोठा धडा कोणता हवा?

म्हणून शिक्षकाने संशोधनाचा विषय आपल्याच वर्गातून उचलावा. नववीच्या सांख्यिकीसाठी मुलांना बाजार समितीतील कापसाचे महिनाभराचे भाव टिपावयास लावावेत आणि संगणकावर त्यांचा आलेख काढून घ्यावा. भाव का पडला, हा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलासाठी पुस्तकी उरत नाही. मराठीच्या तासासाठी आजी-आजोबांच्या तोंडची वऱ्हाडी बोली भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून आणवावी, त्यांतील शब्दांचा कोश मुलांनीच रचावा. कोणती मुले बोलू लागली, कोणती मागे राहिली आणि का, याची शिक्षकाने ठेवलेली टिपणे हीच त्याच्या प्रबंधाची सामग्री होईल. मग प्रबंधासाठी वर्गाचा वेळ चोरावा लागणार नाही आणि वर्गासाठी प्रबंध बाजूला ठेवावा लागणार नाही.

अर्थात सारा भार एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. २०२२ च्या नियमावलीनुसार नोकरी करणाऱ्यास अंशकालीन पीएच.डी. करता येते, पण संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते देताना संस्थाचालकांनी उपकाराची भावना ठेवू नये. क्यूआर कोडच्या अभिनव उपयोगामुळे २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविणारे सोलापूर जिल्ह्यातील रणजितसिंह डिसले यांच्याही अध्ययन रजेचा प्रश्न २०२२ च्या प्रारंभी इतका गाजला की, शिक्षणमंत्र्यांना त्यात लक्ष घालावे लागले. कीर्तिमान शिक्षकाची ही कथा, तर खेड्यातील अनामिक शिक्षकाचे काय? निवडणूक, जनगणना आणि माहितीचे तक्ते यांत त्याचा वेळ खर्ची पडत असेल, तर स्वाध्याय करावयाचा केव्हा?

पालकांनीही शाळेत गेल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा. शाळेत संगणक किती, हे आपण विचारतोच. आमच्या मुलांचे शिक्षक सध्या स्वतः काय शिकत आहेत, हेही विचारून पाहावे.