आजीचा वातींचा कापूस आणि मित्राचं व्हेप

"तुझ्या आजीकडे वातींचा कापूस असतो ना? थोडा आण ना उद्या."

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मित्राने हे विचारलं तेव्हा मला वाटलं, याच्या घरी पूजा वगैरे असेल. पूजा नव्हती. त्याच्या व्हेपच्या रिफिलवाल्या कार्ट्रिजमधली वात जळून काळी पडली होती. प्रत्येक झुरक्याला जळका वास यायचा. नवीन कॉइल हवी तर 'तो माणूस' मेसेजला उत्तर देईपर्यंत थांबायचं. म्हणून हा जुगाड. "घरचा कापूस, नो केमिकल, एकदम सेफ," हे त्याचं लॉजिक.

मग कट्ट्यावर चर्चासत्रच भरलं. एक म्हणाला, मेडिकलमधला सर्जिकल कापूस घे. दुसरी म्हणाली, जपानी ऑरगॅनिक कॉटनच बेस्ट. तिसऱ्याचं मत, कापूस सोड, सिरॅमिक घे, ते जळतच नाही. तासभर आम्ही कापसाच्या जाती मोजत होतो. घरी येताना ट्रेनमध्ये जाणवलं, की आपण फक्त वात कुठली हे विचारलं. तिच्यातून वर येतंय ते फुप्फुसात का घ्यायचं, हे कुणीच विचारलं नाही.

पण आधी वातीचाच प्रश्न घेऊ. तो मूर्ख प्रश्न नाही.

देवापुढचा दिवा आठवा. दिव्यात तेल आहे तोवर तेल जळतं, वात टिकते. तेल संपलं की वात स्वतः जळायला लागते. व्हेपमध्ये ज्योत नसते, बाकी तत्त्व तेच. शाळेत शिकलेल्या केशाकर्षणाने लिक्विड वातीतून चढतं आणि तापलेल्या तारेपाशी त्याची वाफ होते. लिक्विड म्हणजे मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेव्हर आणि बहुतेकदा निकोटिन. वात घट्ट कोंबली, कोरडी राहिली किंवा लागोपाठ झुरके मारले, तर लिक्विड वेळेत पोचत नाही. तारेचं तापमान चढतं, कापूस करपतो. ग्लायकॉल आणि ग्लिसरीन जास्त तापलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिनसारखे पदार्थ तयार होतात. मित्राला येणारा जळका वास ही त्याचीच सूचना होती.

आता कापूस. आजीच्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. तेलाला तो चालतो, पण पाण्यासारखे पदार्थ तो नीट शोषत नाही. म्हणजे ग्लिसरीनच्या लिक्विडला तो कोरडाच पडण्याची शक्यता जास्त. शिवाय त्यात सरकीचे कण, धूळ. सर्जिकल कापसाचं मेण काढून तो ब्लीच केलेला असतो, म्हणून छान शोषतो. पण तो जखम पुसायला बनवलाय, तापवून हुंगायला नाही. 'ऑरगॅनिक' हा शब्द कापूस शेतात कसा पिकवला ते सांगतो. तापल्यावर त्याचं काय होतं, ते सांगत नाही. सिरॅमिक करपत नाही हे खरं. पण लिक्विड संपलं तर तेही जास्त तापतं, आणि त्यातून येणारं लिक्विड तेच असतं.

आणि तार? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज व्हेप करणाऱ्या ५६ जणांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या लिक्विडमध्ये धातू कमी होते. तेच लिक्विड कॉइलजवळ जाऊन आल्यावर त्यात आणि त्याच्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम जास्त सापडलं. म्हणजे वात देवकापसाची असो की जपानी, शेजारी बसलेली तार तीच.

माझा मुद्दा साधा आहे. एखादी गोष्ट हाताला चालते, पोटाला चालते, म्हणून ती श्वासाला चालेल असं नाही. 'फूड ग्रेड' म्हणजे खाण्यासाठी ठीक, बस्स. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन तरुण मुलं हॉस्पिटलात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सीडीसीकडे २८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ जण दगावले. मुख्य संशयित होता व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, तोही बहुतांश गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या कार्ट्रिजमधला. व्हिटॅमिन ई आपण क्रीममध्ये लावतो, गोळीत खातो. फुप्फुसाला ते झेपलं नाही.

हे मला लालबागमध्ये राहून आधीच कळायला हवं होतं. माझे आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. आजी सांगते, घरी यायचे तेव्हा भुवयांवर पांढरी भुकटी असायची. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती हमखास आवळायची. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, खोकला सुटला नाही. 'बिसिनोसिस' हा शब्द मी मास कॉमच्या प्रोजेक्टसाठी गिरणगावावर वाचताना पहिल्यांदा पाहिला. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची ओळखीची खूण. व्हेपच्या ओल्या वातीतून तशी धूळ उडत नाही, त्यामुळे दोन्ही एकच आहे असं मी म्हणत नाही. पण 'कापूसच तर आहे' हे वाक्य आमच्या घरात तरी कुणी म्हणू नये.

"अगं, पण सिगरेटपेक्षा बरं ना?" हा कट्ट्यावरचा हुकमी प्रश्न. त्याला उडवून लावायचं नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सिगरेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना व्हेपची मदत घ्या असं सांगते. पण तीच सेवा, जे सिगरेट ओढत नाहीत त्यांनी व्हेप सुरू करू नका, असंही सांगते. तिथे टाकी २ मिलीची, निकोटिन मिलीलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम असे नियम आहेत. माझ्या मित्राने आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही. तो काहीच सोडत नव्हता, नवीन पकडत होता.

आपल्याकडे तर ई-सिगरेटवर बंदीच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला, डिसेंबरमध्ये कायदा. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणं हाही गुन्हा. तरी माल मिळतो, हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. फरक एवढाच, की जो माल कायद्याने अस्तित्वातच नाही, तो कुणी तपासतही नाही. बाटलीवर '२० मिलिग्रॅम' छापलंय, आत किती आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशा मालासाठी 'सेफ' वात शोधणं म्हणजे लोकलच्या दारात लटकताना बूट चांगले घातलेत असं म्हणणं.

तक्रार कॉलेजांबद्दलही आहे. पोस्टर लावतात, वर फुली मारलेलं व्हेप. त्यात नेमकं काय तापतं, काय जळतं, हे कुणी वर्गात बसून सांगत नाही. मग आम्ही ते रील्सवर शिकतो, जिथे सांगणाऱ्याला कॉइल विकायची असते. आम्हाला घाबरवू नका, केमिस्ट्री सांगा. आम्हाला कळतं.

कापूस मी नेला नाही. आजीला मात्र सगळं सांगितलं. ती वाती वळत होती, हात न थांबवता म्हणाली, "त्याला घरी घेऊन ये. खोकतो का रे, एवढंच विचारते."

तो खोकतो. गेले दोन महिने. मी त्याला तंबाखू सोडवण्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर पाठवलाय, १८००-११-२३५६, फोन फुकट आहे. निकोटिनची सवय सोडायला मदत मागणं यात लाज कसली? त्याने मेसेज पाहिलाय, उत्तर अजून नाही. रविवारी तो आजीकडे जेवायला येतोय. बघू.