ऋणमुक्तीचा दानधर्म कसा झाला?

नाताळचे दिवस जवळ आले की आपल्या पुरोगामी वर्तुळात येशू ख्रिस्ताची आठवण निघते आणि ती दोन ठरावीक वाक्यांत आटोपते. एक वाक्य भाबड्यांचे: येशू हा जगातील पहिला समाजवादी होता. दुसरे पोथीनिष्ठांचे: ख्रिस्ती धर्म ही गुलामांना पाजलेली अफू होती. वरवर पाहता ही वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध टोकाची. पण दोहोंचा उपयोग एकच आहे. पहिल्या शतकातील पॅलेस्टाईनमध्ये जमीन कोणाकडे होती, कर कोण भरीत होते आणि कर्ज कोण देत होते, हे विचारण्याच्या कष्टांतून ती आपली सुटका करतात. ज्याने सारी उमेद अर्थशास्त्र शिकविण्यात घालविली त्याला ही सुटका मान्य होण्यासारखी नाही.

अफूची गोष्ट आधी निकालात काढू. मार्क्सने तो शब्द १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या परिच्छेदात वापरला, त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पीडितांच्या दुःखाचा उद्गार आणि त्या दुःखाविरुद्धचा निषेधही म्हटले आहे. आपल्या व्याख्यात्यांना शेवटचा शब्द तेवढा पाठ असतो. एंगल्सने तर १८९४ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, आद्य ख्रिस्ती समाजावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि त्या समाजाची तुलना आपल्या काळातील कामगार चळवळीशी केली. काउट्स्कीने १९०८ मध्ये याच विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. भौतिकवादाच्या आचार्यांनी ज्याचा अभ्यास केला त्याला एका शब्दात झटकून टाकणे, हे भौतिकवादाचे नव्हे, आळसाचे लक्षण आहे.

आता त्या देशाकडे वळू. इ.स.पू. ६३ मध्ये पाँपीने जेरुसलेम घेतले आणि यहुदी लोकांचा देश रोमच्या छायेखाली आला. रोमच्या मर्जीने राज्य करणाऱ्या हेरोदाने सीझरिया हे बंदर उभारले, गड आणि राजवाडे बांधले, जेरुसलेमच्या मंदिराची नव्याने भव्य उभारणी सुरू केली. ही सारी बांधकामे ज्या गाठोड्यातून झाली ते शेतकऱ्याच्या खळ्यावरून आलेले होते. इ.स.पू. ४ मध्ये हेरोद मेला आणि देशभर बंडाळी उसळली. सीरियाचा रोमन सुभेदार वारस याने ती मोडली आणि सुमारे दोन हजार माणसांना क्रूसावर चढविले, असे जोसेफस सांगतो. इ.स. ६ मध्ये यहुदिया प्रांत थेट रोमन अंमलाखाली आला आणि करआकारणीसाठी लोकांची व मालमत्तेची मोजणी झाली. तेव्हा गालीलचा यहुदा म्हणून एक जण उठला आणि देवाखेरीज दुसऱ्या धन्याला कर देणे हे दास्य होय, असे सांगू लागला. येशू त्या वेळी लहान मुलगा असावा. क्रूस, कर आणि बंड हे शब्द त्याच्या पिढीने ग्रंथांतून शिकलेले नव्हते.

येशूच्या गालील प्रांतावर हेरोदाचा मुलगा अंतिपास राज्य करीत होता. नासरेथपासून सहा किलोमीटरांवरील सेफोरिस हे शहर त्याने नव्याने बांधले; पुढे सरोवराच्या काठी तिबिरिया वसविले. गालील आणि पेरिया या दोन प्रदेशांपासून त्याला वर्षाला २०० टॅलेंट उत्पन्न मिळे, असा जोसेफसचा आकडा आहे. एक टॅलेंट म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे वर्षाला बारा लाख दिवसांची मजुरी एका मांडलिक राजाच्या खजिन्यात जात होती. प्राचीन आकडे जपूनच घ्यावे लागतात. पण यातून प्रमाणाची कल्पना येते. मंदिरासाठी प्रत्येक प्रौढ पुरुषाने द्यावयाचा वार्षिक अर्धा शेकेल आणि धर्माने लावलेला दशांश, हे याहून निराळे.

ज्या शेतकऱ्याकडून असा उपसा होतो तो एका अवर्षणात कर्जबाजारी होतो. आणि येथे आपण यहुदी धर्माच्या गाभ्याशी येऊन पोचतो. कारण कर्ज हा त्या धर्मात केवळ व्यवहाराचा विषय नव्हता. जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथात दर सातव्या वर्षी ऋणे सोडून द्यावीत अशी आज्ञा आहे. 'लेवीय' ग्रंथात पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी असे सांगितले आहे. योबेलाची अंमलबजावणी खरोखर किती झाली याविषयी शंका घेता येईल. परंतु गरिबाच्या हाती एक धर्मवचन होते आणि ते सावकाराच्या विरुद्ध जाणारे होते.

या वचनाला पळवाट निघाली, तीही सद्हेतूने. सातवे वर्ष जवळ आले की सावकार कर्ज देईनासे होत; पेरणीच्या दिवसांत गरिबाला दाणा मिळेना. तेव्हा येशूच्या आधीच्या पिढीतील थोर परूशी आचार्य हिल्लेल याने 'प्रोझबुल' नावाची तजवीज केली. धनकोने आपली वसुली न्यायसभेच्या हवाली केल्याचे लिहून द्यावयाचे. मग ते ऋण खाजगी राहत नाही आणि सातव्या वर्षी बुडत नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी हिल्लेलला नावे ठेवणार नाही. पतपुरवठा आटला की काय होते हे त्याला कळत होते. पण परिणाम काय झाला? ऋणमुक्तीचे वर्ष कागदावर राहिले आणि ऋण मात्र कायम झाले. मृत समुद्राजवळील मुरब्बात खोऱ्यातील गुहेत निरोच्या दुसऱ्या वर्षातला, म्हणजे इ.स. ५५-५६ चा, एक कर्जरोखा सापडला आहे. रक्कम अवघी वीस झुझ, म्हणजे वीस दिवसांची मजुरी. आणि त्यात ऋणको लिहून देतो की ऋणमुक्तीचे वर्ष असले तरी मी ही रक्कम फेडीन. वीस दिवसांच्या मजुरीसाठी माणूस आपला धर्माने दिलेला हक्क सोडून देतो, हा त्या काळचा अर्थव्यवहार होता.

त्याच सुमारास जेरुसलेममधील मंदिराचे बांधकाम पुरे होत आले. काम संपल्यावर अठरा हजारांहून अधिक कारागीर बेकार झाले आणि त्यांना शहराच्या फरसबंदीच्या कामाला लावावे लागले, असे जोसेफसने नोंदविले आहे. सरकारी खर्चाने रोजगार पुरविण्याचे हे प्राचीन उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकांत असावयास हरकत नव्हती. पण फरसबंदीने बंड टळले नाही. इ.स. ६६ मध्ये उठाव झाला तेव्हा बंडखोरांनी आधी मुख्य याजक हनन्या याचे घर आणि राजवाडे पेटविले आणि लगेच दप्तरखान्याकडे मोर्चा वळविला. तेथील कर्जरोखे त्यांनी जाळून टाकले. सावकारांची वसुली अशक्य करून ऋणकोंना आपल्या बाजूला ओढावे, हा त्यांचा हेतू जोसेफसने स्वच्छ शब्दांत सांगितला आहे. हा जोसेफस स्वतः उच्चकुलीन याजक, बंडखोरांचा द्वेष्टा आणि पुढे रोमनांचा आश्रित. म्हणूनच या बाबतीत त्याची साक्ष मोलाची.

येशूचा क्रूस (सुमारे इ.स. ३०) आणि हा दप्तरखान्याचा वणवा यांत छत्तीस वर्षांचे अंतर आहे. त्या पार्श्वभूमीवर त्याचे दाखले वाचून पाहावेत. द्राक्षमळ्यात एका दिनारावर राबणारे रोजंदार, दूरदेशी राहणाऱ्या मालकाचा खंड देण्यास नकार देणारी कुळे, धन्याचे हिशेब फिरविणारा कारभारी, स्वतःचे प्रचंड ऋण माफ होऊनही दुसऱ्याची मानगूट धरणारा चाकर. मठात बसून सुचणारी ही माणसे नव्हेत. त्याने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानात शब्द आहे तो 'ऋण'. इंग्रज चर्चच्या प्रचलित प्रार्थनेत तेथे 'अपराध' या अर्थाचा शब्द आला. आपल्या मराठी बायबलने मात्र 'ऋण' हाच शब्द ठेवला आहे आणि मूळ ग्रीकला तो धरून आहे. येशूच्या अरामी बोलीत ऋण आणि पाप या दोहोंना एकच शब्द होता, हे खरे. म्हणून त्याला केवळ पाप म्हणावयाचे होते असे धर्मपंडित सांगतात. मी उलट विचारतो: ज्या भाषेने ऋणाला आणि पापाला एकच शब्द दिला, त्या भाषेतील ऋणको श्रोत्याने तो ऐकताना आपला कर्जरोखा विसरावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने?

येथे आणखी एका खोडीचा समाचार घेणे भाग आहे. येशूला मोठे करण्यासाठी यहुदी धर्माला कर्मठ, कोरडा आणि क्रूर ठरविण्याची जी रीत चर्चने शतकानुशतके चालविली, ती आपलेही लेखक बिनदिक्कत उचलतात. परूशी म्हटला की तो ढोंगीच, असे समीकरण होऊन बसले आहे. वस्तुतः येशू यहुदी होता, त्याचे शिष्य यहुदी होते, आणि त्याने सावकारीविरुद्ध उचललेले प्रत्येक शस्त्र यशया, आमोस आणि मोशेच्या नियमशास्त्रातील होते. हा घरातला वाद होता. मंदिरातील सराफांचे चौरंग उलथविणारा माणूस मंदिर आपले मानणारा होता. त्याला मारले रोमन सुभेदार पिलाताने, बंडखोरांना द्यावयाच्या रोमन शिक्षेने, आणि क्रूसावरील फलकावर आरोप लिहिला तो राजकीय: यहुद्यांचा राजा. शुभवर्तमाने आजच्या रूपात लिहिली गेली ती बहुतांशी इ.स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर, रोमन अंमलाखालीच जगावयाचे असलेल्या समाजांसाठी. तेव्हा पिलाताचे हात धुतले गेले आणि दोष एका संपूर्ण लोकसमूहावर आला. तो दोषारोप रोमन कॅथलिक चर्चने औपचारिकपणे नाकारावयास १९६५ साल उजाडावे लागले. त्याआधी युरोपात काय घडून गेले ते सर्वांना ठाऊक आहे.

मग भाबड्यांचे म्हणणे खरे धरावयाचे काय? येशू पहिला समाजवादी? 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात जेरुसलेममधील अनुयायी मालमत्ता विकून पैसा एकत्र ठेवीत आणि ज्याला जशी गरज तसे वाटप होई, असे वर्णन आहे. मृत समुद्राकाठच्या ज्या पंथाच्या पोथ्या १९४७ पासून सापडत गेल्या, त्याच्या नियमावलीतही सामाईक मालमत्तेची तरतूद आहे. तेव्हा ही कल्पना त्या मातीत एकटी नव्हती. पण रोझा लक्झेंबर्गने १९०५ मध्येच बोट ठेवले होते: हा साम्यवाद उपभोगाचा होता, उत्पादनाचा नव्हता. जमीन विकून खाल्ली की पुढच्या वर्षी काय? त्याच ग्रंथात थोड्याच पानांनंतर विधवांच्या रोजच्या वाटपावरून तंटा झाल्याची नोंद आहे. आणि पुढे जेरुसलेममधील गरिबांसाठी पौलाला ग्रीक शहरांतून वर्गणी गोळा करीत हिंडावे लागले.

खरा पालट येथेच झाला, आणि तो समजावून घेण्यासाठी जेफ्री द सेंट क्रॉय या मार्क्सवादी इतिहासकाराचा १९८१ चा ग्रंथ आपल्या अभ्यासमंडळांत वाचला जावयास हवा. त्याचा मुद्दा साधा आहे. येशू खेड्यांतून हिंडला. ग्रीक धर्तीच्या शहरांत त्याने उपदेश केल्याचे शुभवर्तमाने सांगत नाहीत. पौलाचे सारे कार्य शहरांत झाले. एका पिढीच्या आत चळवळ अरामी बोलणाऱ्या शेतकऱ्यांकडून ग्रीक बोलणाऱ्या कारागीर, व्यापारी, गुलाम आणि काही सुखवस्तू गृहस्थ यांच्याकडे गेली. करिंथच्या मंडळीला पौल खडसावतो की प्रभुभोजनाला तुमच्यापैकी एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो; म्हणजे एकाच पंगतीत दोन वर्ग बसू लागले होते. फिलेमोन नावाच्या मालकाकडे त्याचा गुलाम परत पाठविताना पौल त्याला बंधूप्रमाणे वागवावे असे कळकळीने लिहितो. गुलामगिरी मोडावी असे लिहीत नाही. शहरी वाचकांसाठी लिहिणाऱ्या लूकाने तर त्या प्रार्थनेतला शब्दच बदलला: देवाकडे मागावयाची ती पापांची क्षमा, आणि 'ऋणी' हा शब्द उरला तो दुसऱ्या अर्ध्या वाक्यात. खेड्याची मागणी शहरात येताना कशी विरघळली, याचा एवढा स्पष्ट कागदी पुरावा क्वचितच मिळतो.

हा पौलाचा विश्वासघात होता असे म्हणणारे मित्र आहेत. मला ते पटत नाही. करिंथमधल्या तंबू शिवणाऱ्याला सातव्या वर्षाच्या ऋणमुक्तीचा नियम लागू नव्हता, योबेलात परत मिळावयाला त्याची जमीन नव्हती. जो हक्क मागावयाला पाया उरला नाही त्याच्या जागी दया आली. दयेचे काम या लोकांनी अपूर्व केले, हे मान्य केलेच पाहिजे. इ.स. २५१ मध्ये रोमची मंडळी पंधराशेहून अधिक विधवांना आणि गरजूंना पोशीत होती. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळलेल्या ज्युलियन बादशहानेही पुढच्या शतकात कुरकुर केली की हे गालीलवाले आपल्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात. एवढे संघटनकौशल्य आपल्या किती शाखांत आहे, हा प्रश्न मी येथे विचारीत नाही. पण ज्या संस्थेला हजारो निराधारांना रोज जेवू घालावयाचे असते तिला देणगीदार लागतो, आणि देणगीदाराला ऋणमुक्ती नको असते. त्याला दानधर्म हवा असतो. आपल्याकडे सहकारी संस्था आणि आश्रमशाळा चालविता चालविता कूळकायद्याचे नाव घेणे ज्यांनी सोडले, त्यांना ही यंत्रणा माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल.

सर्वांत मोठा देणगीदार शेवटी बादशहाच निघाला. इ.स. ३१३ पासून कॉन्स्टंटाइनने धर्मगुरूंना सक्तीच्या सार्वजनिक कामांतून सूट दिली. ३२१ मध्ये मृत्युपत्राने चर्चला मालमत्ता देण्याची मुभा दिली. ज्या साम्राज्याने येशूला बंडखोर म्हणून क्रूसावर दिले, त्याच साम्राज्याच्या बादशहाने बोलाविलेली बिशपांची परिषद ३२५ मध्ये निकिया येथे भरली. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत काय, या तिच्या वादावर ग्रंथालये भरली आहेत. तिच्या सतराव्या नियमाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. धर्मगुरूंपैकी अनेक जण दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला बारा टक्के, व्याजाने पैसे लावीत आहेत. यापुढे जो असे करील त्याला पदावरून काढावे, असे त्यात फर्मावले आहे.