सागर : देणाऱ्यांचे गाव

मध्य प्रदेशात, समुद्रापासून शेकडो मैल दूर, 'सागर' नावाचे शहर आहे. हे नाव पडले ते तिथल्या विस्तीर्ण तलावावरून. लोक सांगतात, की हा तलाव लाखा बंजाऱ्याने खोदवला. खोदून खोदून पाणी लागेना, तेव्हा त्याने पोटचा मुलगा आणि सून तलावाला अर्पण केले आणि तळे भरून आले. ही दंतकथाच, पण पाण्याचे मोल या गावाने किती जाणले होते, ते तिच्यातून कळते.

सतराव्या शतकात उदनशाहने या तळ्याकाठी छोटी गढी बांधली व गाव आकाराला आले. पुढे १७२९ मध्ये मोहम्मदखान बंगशाच्या वेढ्यातून पहिल्या बाजीरावाने छत्रसालाची सुटका केली. त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांना दिला. त्याच्या कारभारासाठी आलेल्या गोविंदपंत खेरांनी सागरला आपले ठाणे केले आणि ते 'बुंदेले' म्हणूनच ओळखले जाऊ लागले. पानिपतच्या मोहिमेत अब्दालीची रसद तोडत असताना, डिसेंबर १७६० मध्ये, हा वृद्ध सरदार अफगाणांच्या छाप्यात मारला गेला. १८१८ मध्ये सागर इंग्रजांच्या हाती गेले.

याच गावात १८७० साली हरिसिंग गौर जन्मले. घरची गरिबी, पण शिष्यवृत्तीच्या बळावर ते केंब्रिजपर्यंत शिकले आणि नामांकित वकील झाले. दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. आयुष्यभराची कमाई घालून १९४६ मध्ये त्यांनी आपल्या गावी विद्यापीठ उभारले. आज ते केंद्रीय विद्यापीठ असून त्याला त्यांचेच नाव आहे.

बंजाऱ्याने लेकरे दिली, छत्रसालाने मुलूख दिला, गौरांनी कमाई दिली. मग गावाने तळ्याला काय दिले? वर्षानुवर्षे सांडपाणी आणि कचरा! अलीकडे स्मार्ट सिटी योजनेत गाळ उपसला गेला, काठ सुधारले. चांगलेच झाले. पण वाचकहो, सरकारने उपसलेला गाळ पुन्हा साचू न देणे हे काम काठावरच्या घरांचेच आहे. तुमच्या गावातही एखादे तळे असेलच. आज घरी जाताना त्याच्याकडे जरा पाहून या. ते आपल्याकडे बळी मागत नाही; आपला कचरा आपण त्यात टाकू नये, एवढेच मागते.