पहिलं कलम कुठे सांडलं?

गर्भारपणातल्या दारूवर गेल्या आठवड्यात लिहिलं, तर पत्रांचा सूर एकच: ‘अहो, आपल्याकडच्या बायका पितात कुठे?’ एका सद्गृहस्थांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडाच तोंडावर फेकला. देशात दारू घेणाऱ्या स्त्रिया १.३ टक्के, महाराष्ट्रात त्याहूनही कमी. आकडा बरोबर आहे. पण सर्वेक्षणवाली बाई ओसरीवर बसून विचारते आणि सासू दारात उभी असते, तेव्हा ‘हो, घेते’ म्हणणारी सून मला तरी अजून भेटायची आहे. आणि १.३ टक्के म्हटले तरी पन्नास लाखांच्या वर बायका होतात.

असो. या आठवड्यात डोकं फिरलं ते बाटलीमुळे. नाशिकची वाइन अमेरिकेत विकायची तर तिच्यावर तिथल्या सरकारचा इशारा छापावाच लागतो. कायदा १९८८ चा, बाटल्यांवर सक्ती नोव्हेंबर १९८९ पासून. इशाऱ्यात पहिलं कलम गरोदर बायकांसाठी: बाळात जन्मजात दोष येण्याचा धोका आहे, मद्य घेऊ नका. गाडी चालवण्याची गोष्ट दुसऱ्या कलमात येते. आता नाशिकच्याच दुकानातली बाटली फिरवून पाहा. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०१९ पासून लागू झालेला इशारा सांगतो, मद्यपान आरोग्याला घातक आहे, पिऊन गाडी चालवू नका. संपलं! शेजारच्याच्या पेपरात बघून लिहिताना पहिलाच प्रश्न राहून जावा, तसला प्रकार. द्राक्षं तीच, वाइन तीच. अमेरिकेतल्या बाळाला सावधगिरीचा इशारा आणि आपल्या बाळाला ट्रॅफिक हवालदार.

फ्रान्सने २००७ पासून बाटलीवर गरोदर बाईचं छोटं चित्र आणलं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०२३ पासून सक्ती आहे. आपल्याला छापता येत नाही म्हणावं, तर सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग आपणच इशाऱ्याने भरून टाकला. दारूच्या बाबतीत मात्र अक्षरं मिलिमीटरमध्ये मोजायची. कारण? माझं जुनं तुणतुणं पुन्हा वाजवतो: उत्पादन शुल्क. पुरावा मागू नका, बजेट वाचा.

लेबल वाचून ग्लास खाली ठेवणारी बाई विरळा, हे कबूल. अमेरिकेतही लेबलाने माहिती वाढली, सवयी फारशा हलल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या डे आर या रेल्वे जंक्शनच्या गावात मात्र, जिथे साधारण दहातल्या एका मुलाला आईच्या गर्भारपणातल्या दारूने झालेला त्रास होता, गावभर आणि दवाखान्यात या विषयावर सतत बोलणं सुरू झालं आणि प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं. विषय उघड्यावर तरी आला पाहिजे. आपल्याकडे लेबल निदान तेवढं निमित्त देईल.

कारण दारूने गर्भातच झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी या विकाराला नाव दिलं. त्याच्या चेहऱ्यावरच्या खुणा अशा: नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, डोळे बारीक. पण बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. दिसतं ते वर्गात. काल घडाघडा म्हटलेला पाढा आज कोरा. ‘वही काढ, तारीख घाल, फळ्यावरचं उतरव’ म्हटलं की पोरगं वही काढून बसून राहतं. मास्तरांच्या मते लक्ष नाही, दोन फटके द्या. फटक्यांनी काही होत नाही. एका वेळी एकच सूचना, चित्रांचं वेळापत्रक, रोज तोच क्रम, घरात शांतता, यांनी होतं. आणि सहा वर्षांच्या आत ओळखलं गेलं तर पुढचं बरंच निभावतं.

ओळखायचं कसं, तर चेहऱ्यावर खुणा नसतील तेव्हा आईच्या पिण्याची नोंद लागते. गरोदरपणी हिमोग्लोबिन तपासतात, साखर तपासतात, आयर्नच्या गोळ्या घेतल्या का म्हणून दहादा विचारतात. दारूचं विचारायला मात्र डॉक्टरांनाच लाज वाटते. मग फाइलीत न विचारताच ‘नाही’ लिहिलं जातं आणि पोराच्या कागदावर ‘चंचल’ एवढंच निदान उरतं.