उस्तादांची मजुरी

जुन्या मोटारसायकलींना सध्या चांगले दिवस आले आहेत. 2018 मध्ये जावा नव्या रूपात बाजारात परत आली, 2022 मध्ये येझदी आली, आणि त्यांच्या जाहिराती बघून लोकांना आपल्या पडवीत, गोठ्यात कडब्याखाली पडलेली मूळची गाडी आठवली. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या वैरागातसुद्धा आता पुण्याच्या नंबराच्या चारचाकीतून माणसं येतात आणि चहाच्या टपरीवर विचारतात, "कुणाकडं जुनी राजदूत, येझदी आहे का हो?" ज्याच्याकडं असते त्याला भंगाराच्या भावापेक्षा थोडं वर देऊन गाडी टेम्पोत घालून नेतात. काही महिन्यांनी तीच गाडी नव्या रंगात, नव्या क्रोममध्ये मोबाईलवर दिसते. किंमत ऐकून पहिल्या मालकाची झोप उडते.

या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या अब्बांची येझदी मी घरच्या अंगणातच उभी केली आणि आजही चालवतो, तेव्हा मला बोलायला तोंडही नाही. पण या सगळ्या कौतुकात गाडी असते, मालक असतो, कंपनीचा इतिहास असतो. मिस्त्री कुठंच नसतो. मला हे खटकतं.

जरा हिशोब करून बघा. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा कंपनी काढली आणि 1961 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढं त्याच कारखान्यातल्या गाड्यांना येझदी हे नाव मिळालं, इराणातल्या यझ्द शहरावरून. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे त्यानंतर ना कंपनीचं सर्व्हिस सेंटर, ना कंपनीचे सुटे भाग. राजदूतची गोष्ट तीच. पोलंडच्या एसएचएल गाडीच्या नमुन्यावर फरिदाबादला एस्कॉर्ट्सनं बनवलेली ही 175 सीसीची गाडी दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लटकवून आमच्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर धावली. तिचंही उत्पादन कधीच थांबलं. तरी या गाड्या एवढी वर्षं जिवंत राहिल्या त्या कुणाच्या विंटेज प्रेमामुळं नाही. उद्या पहाटे दूध घालायला जायचं होतं म्हणून आज रात्री त्या चालू करून देणारा एक माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावात पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला होता, म्हणून राहिल्या. आमच्या भागाला यंत्राची सवय तशी जुनी. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, कुर्डुवाडीला तिचा वर्कशॉप झाला. लोखंडाशी बोलणारे हात इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

घरी गाडी दुरुस्त करायची म्हणजे नेमकं काय, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं, रंग मारला की झालं. रंग सगळ्यात शेवटी. आधी टाकी. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीत आतून गंज धरलेला असतो. तो व्हिनेगरनं, मूठभर नट टाकून हलवून, पुन्हापुन्हा धुऊन काढावा लागतो, नाहीतर कार्ब्युरेटर साफ केला तरी दोन दिवसांत जेट पुन्हा तुंबतो. मग वायरिंग. सहा व्होल्टची जुनी वायर हातात घेतली की वरचं आवरण बिस्किटासारखं तुटतं. मग ब्रेक. इथं एक सांगतो, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, तेव्हा ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑईलही जळतं, लिटरला चाळीस-पन्नास मिली. त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साठत जाते आणि गाडी चढावर दम टाकते. येझदीच्या सायलेन्सरच्या आतली नळी बाहेर ओढता येते, ती जाळात तापवून काजळी झटकली की गाडी पुन्हा मोकळा श्वास घेते. एवढं सगळं पाना, पक्कड, डिसमिस आणि रॉकेलचा डबा घेऊन अंगणात होतं.

पण पॉइंटचं टायमिंग आलं की मी उस्तादांकडं जातो. पुस्तकात गॅप मिलिमीटरच्या दशांशात दिलेला असतो, फीलर गेजनं तो लावताही येतो. उस्ताद पुढं जातात. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या दोन टोकांत धरतात, दुसऱ्या हातानं इंजिन हळूहळू फिरवतात, आणि कागद ज्या क्षणी सुटतो तिथं खूण करतात. ठिणगी तिथंच पडणार. कागद सुटला हे डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. हे बोट तयार व्हायला त्यांना किती वर्षं लागली असतील? लहानपणी पहिली दोन वर्षं तर त्यांनी फक्त रॉकेलमध्ये पार्ट धुतले, उस्तादांच्या उस्तादांनी पान्याला हात लावू दिला नाही.

आता त्या बोटाची किंमत. जुन्या गाडीच्या रंगाला आणि क्रोमला वीस-पंचवीस हजार न कुरकुरता देणारा हौशी माणूस इंजिन बांधायच्या मजुरीत "चाचा, पाचशे कमी करा की" म्हणतो. नाना पेठेतून आणलेल्या पार्टचं बिल तो जपून ठेवतो, कारण गाडी विकताना दाखवायचं असतं. मजुरीचं बिलच नसतं. आणि गाडीचा फोटो टाकताना खाली पेंटरचं नाव असतं, सीट शिवणाऱ्याचं असतं. इंजिन कुणी बांधलं? "लोकल मिस्त्री."

हे बाहेरच्यांचं झालं. आपलं घर तरी कुठं वेगळं आहे? आपल्याकडं दहावीत नापास झालेल्या पोराला बाप म्हणतो, "गॅरेजला टाकतो." टाकतो! जणू विहिरीत टाकतोय. जलशात, व्याख्यानात आपण अल-जझरीचं नाव घेतो, त्यानं 1206 मध्ये यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं, त्यातल्या पाणी उपसायच्या पंपात क्रँक होता, हे अभिमानानं सांगतो. आणि घरी जाताना कोपऱ्यावर तोच क्रँक मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला "ए मिस्त्री" अशी हाक मारतो. हजरत दाऊद अलैहिस्सलाम हातानं चिलखतं घडवून त्या कमाईवर जगत, हे मदरशातलं पोरही सांगेल. पण मुलीचं स्थळ बघताना मुलगा मिस्त्री आहे म्हटलं की चेहरे पडतात.

सच्चर समितीनं 2006 मध्येच नोंदवलं होतं की मुस्लिम कामगार नियमित पगाराच्या नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत. गॅरेज त्यातलंच. मराठी मुलखात शिकलगारांची सहाण गेली, पिंजाऱ्यांची धुनकी गेली. ती गेल्यावर आपण त्यांच्यावर लेख लिहिले. टू-स्ट्रोक, पॉइंट, कार्ब्युरेटर यांचं तेच होणार, फ्युएल इंजेक्शन आणि बॅटरीची गाडी आली आहे. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही, दूधवाल्यानं राजदूतच चालवावी असं मी म्हणणार नाही. फरक एवढाच की या वेळी त्या जुन्या हुन्नराला पैसेवाला गिऱ्हाईक आयता उभा आहे, आणि तो पैसा भलत्याच्या खिशात चालला आहे. उस्तादांची मुलं पुण्याला कंपनीत कंत्राटावर लागली. त्यांच्या हाताखाली आज एकही शागीर्द नाही.

मग करायचं काय? मुलांना शाळेतून काढून गॅरेजला बसवा असं तर मुळीच नाही, चौदा वर्षांखालच्या मुलाला तसं कामाला ठेवणं गुन्हा आहे आणि असायलाच हवा. पण आयटीआयला मेकॅनिकचा कोर्स करणाऱ्या आपल्या मुलानं सुट्टीत उस्तादांच्या शेडमध्ये बसायला काय हरकत आहे? कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन त्याच्या येणाऱ्या कामाला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी एकेका मिस्त्रीचा अर्ज भरून दिला तर एक दुपार खर्ची पडेल. आणि मजुरी पावती पुस्तकावर लिहून, कामाप्रमाणं वेगळी मांडून घ्यायची. हाफ इंजिन किती, फुल इंजिन किती, टायमिंग किती. उस्ताद स्वतः कधीच जास्त मागणार नाहीत, त्यांना लाज वाटते. ते काम आपण करायचं.

ज्यांच्या घरात जुनी गाडी आहे त्यांना दोन गोष्टी. पहिली, विकायची घाई करू नका. कागदपत्रं आधी शोधा. इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळतात का बघा, पंधरा वर्षांनंतरची नोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते आणि तिची फी 2022 पासून चांगलीच वाढली आहे, उशिराचा दंड वेगळा. पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी 2021 चे विंटेज नियम आहेत, पण त्यात नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. ज्याला ती बाजाराला न्यायची आहे त्यानं साधी नोंदणीच चालू ठेवावी. दुसरी, पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साखर कारखान्यांच्या आपल्या सोलापूर जिल्ह्यात त्याविरुद्ध बोलणं अवघड, पण इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर फुगवतं. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

रंगाबद्दल माझं मत कडवट आहे. अब्बांच्या येझदीच्या टाकीवर त्यांच्या गुडघ्यांनी घासून दोन्ही बाजूंना पत्रा उघडा पडलाय. पुण्याहून आलेल्या एकानं "एवढं पेंट करून घ्या, भाव दुप्पट होईल" असं सांगितलं. मी तिथं पातळ लॅकर मारून घेतलाय, गंज चढू नये म्हणून, बस. उलट सायलेन्सरच्या जाळीपासून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत काय कधी बदललं, कुणी बदललं, हे एका दोनशे पानी वहीत लिहितोय. मराठीत, कारण येझदीचं मूळ पुस्तक इंग्रजीत आहे आणि उस्तादांना ते कधी वाचता आलं नाही. गेल्या आठवड्यात ते बघत असताना मी टायमिंगचं पान लिहिलं. त्यांनी वाचून घेतलं, मग म्हणाले, "कागद ओला नको, ते लिव्हलंच नाही तुम्ही." ते खाली लिहिलं, आणि त्यांचं नावही.